नळीखालचा दिवा

(दृश्य : अमेरिकेतल्या एका उपनगराची गल्ली. तिन्हीसांजेनंतरची वेळ. एकसारखी बैठी घरं, गॅरेजवरचे दिवे.)

निवेदन :

१७ ऑक्टोबर १९९२. शनिवारची रात्र. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातलं बॅटन रूज शहर. हॅलोविनच्या पार्टीला निघालेली दोन मुलं पत्ता चुकतात आणि भलत्याच घराची बेल वाजवतात. एक मुलगा तिथलाच. दुसरा योशिहिरो हात्तोरी, वय १६, जपानहून शिकायला आलेला. घरातली बाई दार उघडते, घाबरते, दार लावून घेते आणि नवऱ्याला बंदूक आणायला सांगते. नवरा .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेऊन दारात येतो. मुलं तोवर परत फिरलेली असतात. दार उघडल्याचं पाहून योशिहिरो पुन्हा पुढे होतो. 'फ्रीझ!', म्हणजे 'हलू नकोस!', असं ओरडलेलं त्याला कळत नाही. गोळी छातीत लागते. त्याच्या हातात कॅमेरा होता.

त्या रिव्हॉल्व्हरवर लेसर बसवलेला होता. गोळी नेमकी कुठे लागणार, हे लाल ठिपका दाखवत होता. समोर कोण उभं आहे, हे दाखवणं त्याचं कामच नव्हतं. फौजदारी खटल्यात घरमालक निर्दोष सुटला. पुढे दिवाणी दाव्यात मात्र त्याला नुकसानभरपाई द्यावी लागली.

घरासाठी बंदूक कोणती घ्यावी, यावर अमेरिकेत माणसं रात्र रात्र वाद घालतात. कुठली कंपनी, केवढी गोळी, किती काडतुसं. आपण आज सुरुवात दिव्यापासून करणार आहोत, कारण घरातल्या बंदुकीचा पहिला प्रश्न 'समोर कोण आहे?' हा असतो. बाकीचे सगळे त्याच्या मागून येतात.

(दृश्य : वॉशिंग्टन, सुप्रीम कोर्टाच्या पायऱ्या.)

आधी जरा पार्श्वभूमी. शस्त्र बाळगण्याचा हक्क अमेरिकी राज्यघटनेत १७९१ पासून आहे. पण स्वतःच्या घरात, स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा एकेका नागरिकाचा हक्क आहे, हे तिथल्या सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं ते २००८ साली, हेलर खटल्यात, पाच विरुद्ध चार अशा मतांनी. बंदूक घरातसुद्धा सुटी करून किंवा कुलूप घालूनच ठेवा, अशी वॉशिंग्टनमधली सक्ती त्याच निकालाने रद्द झाली. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत ३२ टक्के प्रौढांनी आपल्याकडे बंदूक असल्याचं सांगितलं, आणि त्यातल्या ७२ टक्क्यांच्या मते ती बाळगण्याचं मोठं कारण संरक्षण हे होतं. शिकार मागे पडली आहे.

(दृश्य : बंदुकांच्या दुकानातलं काचेचं काउंटर. मागे भिंतीवर लांब नळीच्या बंदुका.)

या काउंटरवर तीन प्रकार समोर येतात. शॉटगन, म्हणजे आपल्याकडची बारा बोअर. एआर-१५ जातीची रायफल. आणि पिस्तूल.

शॉटगनबद्दल दोन समज घट्ट बसलेले आहेत. पहिला, नेम धरायची गरज नाही, छर्रे पसरतातच. बारा बोअरच्या डबल-ऑट बक्शॉट काडतुसात साधारण नऊ छर्रे असतात, प्रत्येकी सुमारे साडेआठ मिलिमीटरचे. पण दिवाणखान्याच्या पाच मीटर अंतरात ते पसरून पसरून तळहाताएवढे पसरतात. नेम चुकला तर नऊच्या नऊ भिंतीत. दुसरा समज, पंप, म्हणजे काडतूस भरायला नळीखालची मूठ मागेपुढे, ओढल्याचा नुसता खाट्-खाट् आवाज ऐकून चोर पळतो. पळेलही. पण तुम्ही नक्की कुठे उभे आहात, हेही त्या आवाजाने त्याला सांगून टाकलेलं असतं.

आणि ती भिंत तरी कसली? आपली विटा-सिमेंटची नव्हे. लाकडी चौकटीवर दोन्ही बाजूंनी अर्ध्या अर्ध्या इंचाचे जिप्समचे पत्रे ठोकलेले. खिळा ठोकायला गेलात तर हातोडीच आत जाईल. पिस्तुलाची नऊ मिलिमीटरची गोळी किंवा बक्शॉटचे छर्रे अशा एका नव्हे, एकापाठोपाठ एक भिंतींतून पार जातात. रायफलची हलकी, वेगवान गोळी मात्र पहिल्याच भिंतीत गडबडते, बऱ्याचदा तुटते, त्यामुळे पलीकडे तिचा जोर अनेकदा पिस्तुलाच्या गोळीपेक्षा कमी भरतो. ऐकायला उलटं वाटतं, पण चाचण्यांत हे वारंवार दिसलं आहे. तरी एकही गोळी त्या भिंतीत 'अडते' असं समजून चालणार नाही. म्हणून आपल्या झोपायच्या खोलीच्या दारातून पाहताना मुलांची खोली कुठल्या रेषेत येते, हे दिवसाउजेडी बघून ठेवायचं असतं. हे बघायला पैसे लागत नाहीत, आणि बहुधा म्हणूनच कुणी बघत नाही.

मग लोक पिस्तूल का घेतात? कारण एक हात मोकळा राहतो. फोनवर ९११, म्हणजे तिथला पोलिसांचा तातडीचा नंबर, लावायचा, दाराची कडी काढायची, पोराला कडेवर उचलायचं. लांब नळीच्या बंदुकीने नेम सोपा, धक्का खांद्यावर, पण दोन्ही हात अडकलेले. पिस्तुलाने अचूक नेम साधणं मात्र तिन्हींत सगळ्यात कठीण.

(दृश्य : अंधारी खोली. पिस्तुलाच्या नळीखालचा दिवा लागतो, खोली पांढरीफटक होते.)

आता दिवा.

पिस्तुलाच्या नळीखाली, चापाच्या पुढे, एक खाचांची पट्टी असते. तिला रेल म्हणतात. लष्करी बंदुकांसाठी तिचं पिकाटिनी नावाचं प्रमाण १९९५ साली ठरलं, न्यू जर्सीतल्या त्या नावाच्या शस्त्रागारावरून. त्याच धर्तीच्या खाचा आता बहुतेक पिस्तुलांना असतात, आणि त्यावर काडेपेटीहून थोडा मोठा दिवा सरकवून कसता येतो.

दुकानात दिव्याच्या खोक्यावर दोन आकडे दिसतात : ल्युमेन आणि कँडेला. गिऱ्हाईक पहिलाच वाचतं. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. जुना ६० वॅटचा बल्ब सुमारे ८०० ल्युमेनचा. कँडेला म्हणजे तो उजेड मधल्या झोतात किती एकवटला आहे. स्ट्रीमलाइट टीएलआर-१ एचएल आणि शुअरफायर एक्स-३०० अल्ट्रा हे दोन नावाजलेले दिवे घ्या. दोन्ही १००० ल्युमेनचे. पण पहिला सुमारे २०,००० कँडेला, दुसरा ११,३००. म्हणजे पहिल्याचा झोत लांबवर टोचतो, दुसऱ्याचा उजेड आजूबाजूला जास्त सांडतो. पन्नास मीटरवरचं अंगण बघायचं असेल तर पहिला. पाच मीटरच्या खोलीत, जिथे चेहरा आणि दोन्ही हात एकाच वेळी दिसायला हवेत, तिथे सांडलेला उजेडच कामाचा. विक्रेते सहसा मोठा आकडा पुढे करतात. घर केवढं, ते विचारत नाहीत.

पण खरी अडचण आकड्यांत नाहीच. दिवा बंदुकीला चिकटलेला असल्यामुळे जिथे उजेड, तिथे नळीचं तोंड. बंदूक हाताळण्याचे जे चार नियम अमेरिकेत शिकवले जातात, त्यातला दुसरा सांगतो की जे नष्ट करायची तयारी नाही, त्यावर नळी कधी रोखू नका. आणि रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात खुडबुड ऐकून उठलेला माणूस, पाणी प्यायला उठलेल्या स्वतःच्या मुलीवर नळी रोखूनच तिला 'ओळखतो'.

यावर शिकवणारे एक युक्ती दाखवतात, आणि ती पाहण्यासारखी आहे. नळी जमिनीकडे धरायची, समोरच्या माणसाच्या पायांच्याही अलीकडे. दिवा लावायचा. हजार ल्युमेनचा उजेड फरशीवर आपटून पांढऱ्या भिंतींवर उसळतो, छतावर जातो, आणि सगळी खोली उजळते. चेहरा दिसतो. हात दिसतात. हातात फोन आहे की पहार, तेही दिसतं. बोट चापाबाहेर, बंदुकीच्या अंगाला सरळ. नळी कुणावरही नाही. एवढं करायला दोन सेकंदही लागत नाहीत. पण ते आधी शंभर वेळा, रिकाम्या बंदुकीने केलेलं असावं लागतं.

दुसरी बाजू त्या उजेडाचीच. तोच प्रकाश पांढऱ्या भिंतीवरून, आरशावरून, टीव्हीच्या काचेवरून तुमच्याच डोळ्यांत परत येतो. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. ती कमाई एका क्षणात जाते. म्हणून दिवा लावायचा, बघायचं, विझवायचं.

(दृश्य : बोटं आणि बटण, जवळून.)

आणि बटण. दिव्याचं बटण कुठे आहे, यावर माणसं जिवानिशी गेली आहेत. डॅलसच्या उत्तरेला प्लेनो नावाचं शहर आहे. फ्रिस्को आणि आयर्व्हिंगबरोबर तिथल्या मराठी घरांत रोज घेतलं जाणारं नाव. २०१० साली तिथे एका कारवाईत पोलिसाच्या पिस्तुलातून गोळी सुटली आणि एक माणूस मेला. पोलिसाचं म्हणणं असं की त्याला दिवा लावायचा होता. त्याच्या दिव्याचं बटण चापाच्या खाली, मुठीच्या पुढच्या बाजूला होतं, मधल्या बोटाने दाबायचं. घाबरलेला हात एकच बोट आवळत नाही. मूठ आवळते. म्हणून बटण चापाच्या पुढे, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याखाली येईल असाच दिवा घ्यावा, आणि चापाच्या बोटाला दिव्याचं काहीही काम देऊ नये.

माझं मत विचाराल, तर पहिला दिवा हातातलाच घ्यावा. साधा, चांगला, खिशात मावणारा टॉर्च. घरात रात्री जे आवाज होतात, त्यात मांजर असतं, उशिरा आलेला मुलगा असतो, वाऱ्याने वाजलेलं दार असतं. हे सगळं टॉर्चने बघायचं असतं, पिस्तुलाने नव्हे. नळीखालचा दिवा ही टॉर्चनंतरची खरेदी. त्याचे सेल जेमतेम सव्वा-दीड तास पुरतात, हेही लक्षात असू द्यावं. खोक्यातून काढून लावलेले सेल तीन वर्षांनी तसेच सापडणाऱ्यांची कमी नाही.

(दृश्य : पुन्हा काउंटर. एक फॉर्म, पेन.)

इथे आपल्या लोकांसाठी एक थांबा आहे. दुकानातून बंदूक घेताना ४४७३ क्रमांकाचा सरकारी फॉर्म भरावा लागतो. त्यात प्रश्न असतो : तुम्ही नॉन-इमिग्रंट व्हिसावर आला आहात का? एच-वन-बी हा असाच व्हिसा. त्याच्यासोबतचा एच-फोरही. या व्हिसावरच्या माणसाला बंदूक घेणंच नव्हे, जवळ बाळगणंही अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. चालू शिकार परवाना असेल तर सूट मिळते, आणि म्हणून काही जण कधी हरीण मारायला न जाताही तो परवाना काढतात. ग्रीन कार्ड मिळालं की ही आडकाठी नाही. पण टेक्सासमधला शेजारी 'घेऊन टाक रे, इथे सगळे घेतात' म्हणतो, तेव्हा त्याला हे ठाऊक नसतं. फॉर्मवर खोटं लिहिलं तर तो वेगळा गुन्हा. पार्श्वभूमी तपासणारी आजची यंत्रणा ज्या ब्रेडी कायद्यातून आली, त्यावर सही झाली १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये. त्याच महिन्यात योशिहिरोचे आईवडील जपानी लोकांच्या लाखो सह्या घेऊन अध्यक्ष क्लिंटन यांना भेटले होते.

भारतात हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने येतो. १९५९ चा शस्त्र कायदा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं. आणि निवडणूक लागली की परवान्याची बंदूक बहुतेकांना पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका आहेत, आणि 'रानडुक्कर समजून सोबत्यावर गोळी' ही बातमी तिथल्या वाचकाला नवी नाही. समोर कोण आहे ते न दिसताच चाप ओढला गेला, तर बॅटन रूज काय आणि सावंतवाडीचं रान काय.

(दृश्य : घर, आतून. दार, कडी, जिना.)

अमेरिकेतले जाणते शिक्षक शेवटी जे सांगतात, त्यात बंदुकीचा वाटा थोडा असतो. आवाज ऐकून घरभर फिरू नका. सगळे एका खोलीत या, दार लावा, ९११ लावा, फोन चालू ठेवा. बंदूक असेल तर दाराकडे, आणि तुम्ही पलंगाआड. आत आलेल्याला ओरडून सांगा की पोलीस येत आहेत. टीव्ही घेऊन तो गेला, तर जाऊ द्या.

२०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. घरातल्या बंदुकीचा हिशेब मांडताना हा आकडा बाजूला ठेवता येत नाही. खिडकीतून येणाऱ्या चोरासाठी आणलेली वस्तू घरातल्याच एखाद्या निराश रात्री हाताशी असते. म्हणून पलंगाजवळ, चटकन उघडणारी पण कुलूपबंद छोटी तिजोरी. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

आणि ज्याला आजच, या आठवड्यात काही करायचं आहे, त्याने पुढच्या दाराची पट्टी बघावी. कडी ज्या धातूच्या पट्टीत जाते, ती पट्टी अनेक घरांत पाऊण इंचाच्या स्क्रूंनी नुसत्या चौकटीच्या फळीला धरलेली असते. एक लाथ, आणि फळी फाटते. तिथे तीन इंची स्क्रू लावले की ते फळी ओलांडून भिंतीच्या मुख्य लाकडात बसतात. चार स्क्रू, एक स्क्रूड्रायव्हर, पंधरा मिनिटं. अंगणात माणूस हलला की लागणारा दिवा त्यानंतर.