घराचा हिशेब आणि रस्त्याचा हिशेब

मित्रहो, 'परवडणारं घर' कशाला म्हणायचं, याचं ठरलेलं उत्तर आहे: ज्याचा खर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांत बसतो ते. हा आकडा आला कुठून? अमेरिकेत १९६९ च्या ब्रुक दुरुस्तीने सार्वजनिक घरांतल्या भाडेकरूंचं भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर रोखलं. १९८१ मध्ये ती मर्यादा ३० टक्के झाली आणि पुढे अनेक देशांनी तीच उचलली.

भाडं किती घ्यायचं हे ठरवायला हा आकडा ठीक आहे. पण तेवढ्यावर 'घर परवडतं' असं म्हणता येत नाही, कारण कामावर पोहोचायला काय पडतं हे त्यात कुठेच धरलेलं नाही. शहराच्या वेशीबाहेर जमीन स्वस्त, म्हणून घर स्वस्त. मग दोन बस, एक रेल्वे, वर रिक्षा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिकागोच्या 'सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी' या संस्थेने घर आणि प्रवास दोन्ही मिळून ४५ टक्के ही मर्यादा धरली. त्याबरोबर नुसत्या भाड्याच्या हिशेबाने परवडणाऱ्या कितीतरी वस्त्या यादीतून गळाल्या.

आणि हे झालं फक्त पैशाचं. पहाटे कार्यालयं झाडणारी बाई पहिल्या बसच्या आधी घराबाहेर पडते, रात्रपाळीचा पहारेकरी शेवटची बस गेल्यावर सुटतो. वेळापत्रक मात्र सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या नोकरदाराला धरून आखलेलं असतं. मुलाला शाळेत सोडून कामावर, येताना बाजार, मग दवाखाना असा ज्या बाईचा दिवस जातो, तिला प्रत्येक टप्प्याला नवं तिकीट काढावं लागतं. ठरावीक वेळेत कितीही वेळा गाडी बदलता येईल असं एकच तिकीट दिलं, तर तिचा खर्च त्याच दिवशी उतरेल. त्यासाठी नवा पूल बांधावा लागत नाही.

घर आणि काम यांची फारकत झाली की काय होतं, हे अर्थतज्ज्ञ जॉन केन यांनी १९६८ मध्येच मांडलं होतं. डेट्रॉइट आणि शिकागोत कृष्णवर्णीयांना ठरावीक वस्त्यांबाहेर घरं मिळत नव्हती, आणि नोकऱ्या उपनगरांकडे सरकत होत्या. त्यामुळे त्यांच्या हातून कामं जात होती.

पण मला जास्त वेळ मेक्सिकोवर घालवायचा आहे. तिथे इन्फोनावित हा कामगारांचा गृहनिधी आहे, मालक पगाराच्या ५ टक्के त्यात भरतात. २००० नंतर या निधीने लाखो गृहकर्जं दिली. बिल्डरांनी जमीन स्वस्त मिळेल तिथे, शहरापासून कित्येक किलोमीटरवर, एकसारख्या घरांच्या रांगा उभ्या केल्या. कागदावर उद्दिष्ट पूर्ण झालं. २०१० च्या जनगणनेत देशभरात सुमारे ५० लाख घरं रिकामी निघाली. हिंसाचार, स्थलांतर ही कारणं होतीच. पण कामाच्या ठिकाणाचं अंतर हे फार मोठं कारण होतं. आपल्याच पगाराच्या हिशेबाने उभ्या राहिलेल्या निधीचं कर्ज फेडत असताना माणसं घराला कुलूप लावून निघून गेली. याला मी गृहनिर्माण म्हणायला तयार नाही.

याच्या अगदी उलट चिलीतल्या इकिके शहरात घडलं. किंता मोनरॉय या जुन्या झोपडवस्तीतल्या सुमारे शंभर कुटुंबांना वास्तुविशारद आलेहांद्रो आरावेना यांच्या गटाने शहराच्या मध्यातच ठेवलं. तिथली जमीन अशा योजनांना परवडते त्याच्या तिप्पट महाग होती. म्हणून २००४ मध्ये त्यांनी अर्धंच घर बांधून दिलं: स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना, भक्कम भिंती. उरलेलं अर्धं कुटुंबांनी सवडीने बांधलं. घर अपुरं असलं तर पुढे वाढवता येतं. लांब असलं तर जवळ आणता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग लांबच्या वस्तीपर्यंत चांगली वाहतूक न्या. न्यावीच. कोलंबियातल्या मेडेयीन शहराने २००४ मध्ये डोंगरावरच्या गरीब वस्त्यांपर्यंत केबलकार नेली आणि ती थेट मेट्रोला जोडली. पण घोडं पेंड खातं ते पुढे. स्थानक आलं की आजूबाजूच्या जमिनीचा भाव चढतो, भाडं वाढतं, आणि ज्यांच्या नावाने मार्ग मंजूर झाला त्यांनाच घरमालक बाहेर काढतो. कोलंबियाच्याच राजधानीने, बोगोटाने, यावर एक वाट काढली. १९९८ मध्ये मेट्रोविव्हिएन्दा ही संस्था स्थापून शहराने कडेची मोकळी जमीन भाव चढण्याआधीच घ्यायला सुरुवात केली. तिथे रस्ते, पाणी आणून घराच्या कमाल किमतीची अट घालून ती बिल्डरांना विकली. ट्रान्समिलेनिओ बसची टोकाची स्थानकं जवळ येतील अशा जागा त्यासाठी निवडल्या होत्या. जमीन आधी, मार्ग नंतर, हा क्रम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

म्हणून नव्या मार्गाचा आराखडा हरकतींसाठी मांडला जाईल, तेव्हा डबे किती आणि वेग किती हे नंतर विचारा. स्थानकाभोवतीची जमीन आज कोणाच्या नावावर आहे, त्यातली किती सार्वजनिक मालकीत राहणार आहे, आणि आत्ता तिथे भाड्याने राहणाऱ्यांच्या भाड्याला किती वर्षं संरक्षण मिळणार आहे, हे आधी विचारा. उत्तर लेखी मागा, आणि मार्गाला मंजुरी मिळण्याच्या आत मागा.