कट्ट्यावरचं चित्र

[दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग. सकाळ. उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई.]

निवेदन:
भिजवलेलं पान. त्यावर मापाचा पत्रा ठेवायचा, कात्रीनं कडेनं कापायचं. चिमूटभर तंबाखू, एक वळसा, टोक आत दुमडून दोरा. झाली विडी. अशा हजार वळल्या की हजारावर मजुरी.

सोलापुरात हे काम हजारो घरांत चालतं. वळणाऱ्या बहुतेक बायका, घरात बोलणं तेलुगू. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं १०,००० घरांची वसाहत उभी राहिली, ती याच बायकांसाठी.

[दृश्य: टपरी. कागदात गुंडाळलेला विड्यांचा कट्टा.]

हा तयार कट्टा. ३१ मे २००९ पासून आपल्याकडे तंबाखूच्या पाकिटांवर धोक्याचा इशारा देणारं चित्र आलं. १ एप्रिल २०१६ पासून त्यानं दोन्ही बाजूंची ८५ टक्के जागा घेतली. सडलेला जबडा, गळ्यावरची गाठ. लोक म्हणतात, लेकरांच्या नजरेला पडतं, किळस येते. येऊ द्या. ज्या पोरानं अजून विडी तोंडाला लावलेली नाही, त्याला ती किळस आयुष्यभर पुरली तर बरंच.

पण जो ओढतो, त्याचं काय? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत विडी ओढणाऱ्यांपैकी ५३.८ टक्के लोकांनी सांगितलं की हा इशारा पाहून सोडायचा विचार मनात आला. निम्म्याहून जास्त! विचार आला म्हणजे विडी सुटली असं नाही, हेही खरं. विडी विझू नये म्हणून सिगारेटपेक्षा जोरानं, पुन्हा पुन्हा ओढावी लागते. एवढी भिनलेली सवय नुसत्या भीतीनं जात नाही.

[दृश्य: थिएटरचा अंधार, रिकाम्या खुर्च्या.]

भुसावळचा मुकेश हराणे आठवतो? वर्षभर गुटखा खाल्ला आणि २००९ मध्ये, चोविसाव्या वर्षी गेला. पुढं सिनेमाच्या आधी पडद्यावर तो बोलायचा आणि खाली पोरं त्याच्या आवाजाची नक्कल करायची. मला ते तेव्हाही ऐकवत नव्हतं. तीच फीत रोज दाखवली की माणसाचं मरणसुद्धा सवयीचं होतं. चित्र भयंकर आहे याबद्दल माझी तक्रार नाही. ते बदलत राहिलं पाहिजे, आणि मरणाऱ्याचा मान राहिला पाहिजे.

[दृश्य: पुन्हा टपरी. एक हात पुढं येतो.]

आता हे नीट बघा. गिऱ्हाईक दोन विड्या मागतं. टपरीवाला कट्ट्यातून दोन उपसतो. विड्या खिशात गेल्या, चित्र टपरीतच राहिलं. राज्यात २०२० पासून सुटी विक्री बंद आहे, कागदावर. सुट्या विडीवर ना जबडा, ना इशारा.

[दृश्य: उंबरा. सूप झटकलं जातं, उन्हात धूळ दिसते.]

आणि ही धूळ. विड्या वळणाऱ्या या बाईनं एकही विडी ओढलेली नाही. खोकला मात्र हिलाही आहे, आणि तिच्या खोकल्याचं चित्र कुठल्याच कट्ट्यावर नाही. तंबाखू बंद करा म्हणणाऱ्यांनी, माझ्यासकट, हिच्या हाताला दुसरं काम काय, हे त्याच दमात सांगायला हवं.

[दृश्य: कट्टा अगदी जवळून.]

चित्रासोबत बारीक अक्षरात एक नंबर असतो. सुटी विडी घेणाऱ्याला तो दिसत नाही, म्हणून इथं मोठ्यानं वाचते. १८००-११-२३५६. व्यसन सोडायला मदत करणारी माणसं तिथं फोन उचलतात. पैसे पडत नाहीत.