सैरंध्रीची साक्ष

(माहितीपट. दृश्य: खरी कॉर्नर, कॅमेऱ्याचा मानस्तंभ. सकाळची वर्दळ.)

कोल्हापूरच्या सिनेमाची सुरुवात एका बाईच्या तक्रारीनं झाली. 1920 साली बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं पहिला मूकपट काढला, 'सैरंध्री'. कॅमेरासुद्धा इथंच घडवलेला. गोष्ट महाभारतातली. दासी म्हणून राहणाऱ्या द्रौपदीवर कीचक हात टाकतो. ती धावत विराटाच्या सभेत जाते, भर दरबारात लाथ खाते आणि दाद मागते. राजा गप्प. कीचक राणीचा भाऊ, वर सेनापती. राजा बोलणार कसा? मग रात्री नृत्यशाळेत भीम जातो आणि निकाल लावून टाकतो. तो वध पडद्यावर इतका खरा उतरला की सेन्सॉरनं त्याला कात्री लावली.

लोकांच्या लक्षात राहिला तो भीमच. सभेत उभं राहून ती काय बोलली, हे फारसं कुणाला आठवत नाही. मूकपटच तो, ऐकू येणार तरी काय म्हणा!

1993 मध्ये 'दामिनी' आला. चित्रपट धाडसाचा होता, त्यात शंका नाही. पण शिट्ट्या पडल्या त्या वकिलाच्या भाषणाला आणि त्याच्या मुठीला. मोलकरीण ऊर्मी, जिच्यावर अत्याचार झाला, ती निकाल ऐकायला उरतच नाही. साक्ष देते ती घरची सून. म्हणजे भीमानं फक्त काळा कोट घातला होता. पुढं अशा कोर्टपटांची रांगच लागली. खच्चून भरलेलं कोर्ट, पिंजऱ्यात मुलगी, मागं कुजबुजणारे बघे, शेवटी टाळ्या.

(दृश्य: कसबा बावडा, जिल्हा न्यायालयाचं आवार. वकिलांची ये-जा. कॅमेरा फाटकाबाहेरच थांबतो.)

प्रत्यक्षात त्या खोलीत बघे नसतातच. बलात्काराचा खटला बंद दाराआड चालवायचा, असं कायदा 1983 पासून सांगतो. पुकारा होतो, ती आत जाते, पट्टेवाला दार ओढून घेतो. आत न्यायाधीश, सरकारी वकील, आरोपीचे वकील, आरोपी आणि टंकलेखक. कोर्टानं परवानगी दिली तर तिच्या जवळचं एखादं माणूस. टाळ्या वाजवायला कुणी नाही.

आधी सरकारी वकील सरतपास घेतात, म्हणजे तिच्याकडून तिची हकीकत वदवून घेतात. मग आरोपीचे वकील उलटतपास घेतात. चारित्र्यावर किंवा आधीच्या संबंधांवर प्रश्न विचारायला आता कायद्यानंच मनाई आहे. पण वेळ, जागा, कपाटाची बाजू, दाराची कडी, मोबाइल कुठल्या हातात होता, हे सगळं विचारता येतं. आणि विचारलंही पाहिजे, आरोपीचा तो हक्क आहे. प्रश्न तिथं नाही. प्रश्न कागदावर आहे.

(दृश्य: पडद्यावर कोरा कागद. अक्षरं एकेक करून उमटतात.)

वकील विचारतात, "तुम्ही ओरडलात का?" ती म्हणते, "नाही." "शेजारी माणसं होती ना?" "होती." "मग ओरडला का नाहीत?" ती गप्प. पाच सेकंद, दहा सेकंद. पंख्याचा आवाज तेवढा. "बोला बाई, साहेब थांबलेत." ती मान हलवते.

न्यायाधीश टंकलेखकाला सांगतात आणि कागदावर उमटतं:

"शेजारी माणसे होती. मी ओरडले नाही. मी का ओरडले नाही हे मला सांगता येत नाही."

कागदावर प्रश्न नाही. ते दहा सेकंदही नाहीत. उरतं ते तिनं स्वतःहून सांगितल्यासारखं निवेदन. साक्ष बहुतेकदा अशी सलगच उतरवली जाते. न्यायाधीशांना वाटलं तर एखादं प्रश्नोत्तर जसंच्या तसं घेता येतं, साक्षीदाराच्या वागण्याची नोंदही करता येते. ज्यांना हे सुचतं त्या न्यायाधीशांच्या कागदात बाई दिसते. बाकीच्यांच्या कागदात वकिलांचं म्हणणं नाकारणाऱ्या ओळींमागून ओळी जातात: "हे म्हणणे खरे नाही की, मी आरोपीबरोबर राजीखुशीने गेले. हे म्हणणे खरे नाही की, मी पैशासाठी खोटी साक्ष देत आहे."

(दृश्य: सीपीआर चौक. रस्त्याच्या एका बाजूला दवाखाना, समोर न्यायालयाची जुनी इमारत.)

तो कागद पुढं इथं येतो. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात बसू लागलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, अशा सहा जिल्ह्यांची अपिलं आता इथंच. वकिलांनी त्यासाठी चाळीसहून जास्त वर्षं मागणी लावून धरली होती. चंदगडच्या बापाला लेकीच्या खटल्यासाठी मुंबई गाठायला लागत नाही, ही साधी गोष्ट नव्हे. मात्र अपिलात ती पुन्हा पिंजऱ्यात उभी राहत नाही. तिथं तिचा कागदच बोलतो.

आणि कागद कसा वाचला जातो, यावर सगळं अवलंबून. मार्च 1972, आताच्या गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज. एका आदिवासी मुलीनं दोन पोलिसांवर आरोप केला. घटना पोलीस ठाण्याच्या आवारातलीच. 1974 मध्ये सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं. 1976 मध्ये नागपूर खंडपीठानं दोषी धरलं: भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडीचा पुरावा नाही. तीच मुलगी, तोच पुरावा, तीन वाचनं. 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या, त्यातून 1983 ची दुरुस्ती आली. बंद दार हे त्यातलंच एक. प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरायचं नाही, हे कायद्यात स्वच्छ शब्दांत यायला 2013 उजाडावं लागलं. आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्येही ते आहे.

(दृश्य: चित्रनगरी, मोरेवाडी. रिकामा मजला, खडूनं आखलेली कोर्टाची खोली.)

कोल्हापुरात उद्या कुणी असा कोर्टपट काढला, तर मी एवढंच मागेन: ते दहा सेकंद दाखवा. बंद दाराआडचं कायद्यानं आम्हाला दाखवता येत नाही, कागद ते बहुतेकदा टिपत नाही. कथापटाला दाखवता येतं. पाच-सहा नट, एक पंखा, एक टंकलेखक. खर्चही फार नाही. वकिलाचं भाषण मात्र कापा, कितीही जमून आलेलं असलं तरी.

आणि कथा खऱ्या प्रकरणावरून घेतली असेल तर नुसतं नाव बदलून भागायचं नाही. ओळख पटेल असं काहीही छापायला किंवा दाखवायला न्याय संहितेच्या कलम 72 ची बंदी आहे. आपल्या गावात पेठ सांगितली, तालीम सांगितली, बापाचं दुकान कुठल्या बोळात ते सांगितलं, की संध्याकाळपर्यंत रंकाळ्यावर नाव फिरतं. म्हणून या माहितीपटातली साक्ष कुणाची नाही. तो कागद आम्हीच रचला, आणि त्यातल्या घराला आम्ही पेठ दिलेली नाही.