रोड सायकलचे ब्रेक सुधारताना

(जवळून: मागचा कॅलिपर)

लिव्हर दाबत असताना कॅलिपरकडे, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडणाऱ्या ब्रेकच्या भागाकडे, बघा. दोन्ही रबर रिमला टेकलेत, तरी लिव्हर आत जातोच आहे आणि कॅलिपरचे हात किंचित वाकतायत. बोटांचा जोर इथे वाया जातो. स्वस्त रोड सायकलींवर हे हमखास दिसतं आणि पावसाळ्यात सिंहगड उतरताना ते चांगलंच जाणवतं.

रिम ब्रेकच्या फ्रेमवर डिस्क ब्रेकची बैठकच नसते, त्यामुळे तो विचार सोडून द्या. आहे तोच ब्रेक सुधारायचा, आणि सुरुवात रबरापासून करायची. खर्च सगळ्यात कमी, फरक सगळ्यात जास्त.

(जवळून: काढलेला जुना रबर)

हे चकाकणारे ठिपके म्हणजे रिमच्या ॲल्युमिनियमचे कण. ब्रेक करकरतो आणि रिम खरवडली जाते ती यांच्यामुळे. रबर चांगला असेल तर सुईने कण उकरून वरून पॉलिश पेपर फिरवा. कडक झालेला, एकसंध रबर मात्र बदलाच. त्याजागी धातूच्या खोबणीत सरकवून बसणारा रबर घ्या. खोबणीची उघडी बाजू मागे हवी. पुढे राहिली, तर ब्रेक लावताच फिरती रिम रबर बाहेर ओढून काढते. रबर रिमच्या कडेखाली एक मिलिमीटर ठेवा, टायरला अजिबात लागू देऊ नका. बोल्ट 5 ते 7 न्यूटन मीटरपर्यंत (हे आवळण्याच्या जोराचं माप) आवळा. तरीही आवाज आला, तर रबराचं पुढचं टोक रिमला अर्धा मिलिमीटर आधी टेकेल असं वळवा.

आता केबल. इनर, म्हणजे आतली तार, 1.6 मिलिमीटरची, आणि टोकाचा धातूचा गोळा रोड लिव्हरला बसणारा, नासपतीच्या आकाराचा. आउटर, म्हणजे बाहेरचं आवरण, 5 मिलिमीटरचा, ब्रेकचाच. गिअरच्या आउटरमधल्या तारा सरळ असतात. जोराचा ब्रेक लागला की त्या फाकून आउटर फुटू शकतो. आउटर कापल्यावर टोक कानशीने सपाट करा आणि दबलेली आतली नळी सुईने उघडा. हे राहिलं, तर नवी केबलही जुन्यासारखीच जड चालते.

एवढं करूनही हात वाकत असतील, तर मग नवा कॅलिपर. विकत घेण्याआधी एक माप घ्या: कॅलिपरच्या बोल्टच्या मध्यापासून रिमच्या ब्रेक-पट्टीच्या (जिथे रबर टेकतो तिच्या) मध्यापर्यंत. रेसिंग फ्रेमला साधारण 39 ते 49 मिलिमीटरचा कॅलिपर लागतो, मडगार्डला जागा असलेल्या फ्रेमला 47 ते 57 चा.

लिव्हर आणि कॅलिपर एकाच पिढीचे हवेत, यात तडजोड नको. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीचे न्यू सुपर एसएलआर लिव्हर आधीच्यांपेक्षा जास्त केबल ओढतात. जुन्या कॅलिपरशी त्यांची जोडी लावली, तर पकड दुबळी पडते. उलट जोडीत ब्रेक अचानक आवळतो आणि चाक लॉक होऊ शकतं.

कॅलिपरचा मुख्य बोल्ट 8 ते 10 न्यूटन मीटर, केबलचा 6 ते 8. रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेलाचं बोट लागलं तरी पकड जाते. ब्रेक-पट्टीवरची झीज दाखवणारी खाच पुसट झाली असेल, तर ती रिम वापरातून काढा.

मग लिव्हर दहा-बारा वेळा पूर्ण जोराने दाबा. आउटर आपापल्या जागी बसतात, केबल सैल पडते. ती पुन्हा ताणून घ्या, कॅलिपरची सोडपट्टी (चाक काढताना ब्रेक सैल करणारी छोटी पट्टी) बंद आहे ना ते बघा, आणि पहिली चाचणी सपाट, मोकळ्या रस्त्यावर घ्या.