बोहाड्याला सात मिनिटं पुरत नाहीत

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘बोहाडा आणि गावगाडा’. बोहाडा म्हणजे आदिवासी गावांत देवा-राक्षसांचे मुखवटे चढवून रात्री नाचत सोंगं काढायचा उत्सव. त्याकडे येतोच. पण आधी एक गोष्ट सांगू द्या, बरीच वर्षं मनात सलते आहे.

नाशकातल्या एका महोत्सवाला पेठ तालुक्यातली बोहाड्याची मंडळी आली होती. मी मध्यस्थ. आयोजकांनी वेळ दिली सात मिनिटं. वर सूचना, की गणपती-सरस्वती राहू द्या, थेट रावण आणा, लोकांना तोच आवडतो. संबळवाले बाबा शांतपणे म्हणाले, “गणपती निघाल्याबिगर रावण कसा निघंल?” मला उत्तर सुचलं नाही. आजही नाही.

शेवटी रावण एकटाच निघाला. पाच पावलं टाकली आणि स्टेज संपलं! तुमच्यापैकी ज्यांनी पेठ-सुरगाण्याकडे, नाहीतर मोखाड्याला बोहाडा पाहिलाय, त्यांना कळेल मी काय म्हणतोय. तिथे सोंगाला अख्खी गल्ली असते. एका टोकाकडून सोंग निघतं, दुतर्फा माणसं, संबळ-पिपाणीच्या ठेक्यावर ते पुढे जातं, मागे येतं, पुन्हा पुढे. मुखवट्याच्या भोकांतून जेमतेम दिसतं, म्हणून पाय ठेका ऐकून पडतात. इथे स्टेजवर डोळ्यांवर झगझगीत दिवे, आणि ठेका स्पीकरमधून पाठीमागून येतोय. तो माणूस गोंधळून उभा राहिला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हीच पोज आहे.

आपण नाशिककर आहोत. आपल्या रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, वर्षभर बुजवलेल्या असतात, रंगपंचमीला उघडतात. गर्दी होते म्हणून रहाड बादलीत भरून सभागृहात आणा, असं कुणी म्हणतं का? ऐकूनच घेणार नाही आपण. धुळवडीला वीरांच्या मिरवणुका निघतात, त्याही आपापल्या रस्त्यानेच निघतात. मग पेठ-मोखाड्याकडच्या माणसांनाच ही अट का?

(चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. बरं.)

तर गावगाडा. होळीनंतर, पावसाआधी, शेतं रिकामी असताना बोहाडा होतो. बरीच सोंगं घराण्यांकडे वाटून दिलेली. नरसिंह या घरचा, खंडोबा त्या घरचा. बाप थकला की मुलगा मुखवटा चढवतो. पूर्वी मुखवटे लाकडाचे, आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे. मुखवट्याची डागडुजी, रंग, पूजा त्या घराची जबाबदारी. नोकरीला नाशिक-मुंबईला गेलेला मुलगा त्या रात्री गावात येतो, तो पाहायला नाही, आपलं सोंग काढायला येतो. शेवटच्या रात्री देवी आणि महिषासुराची लढाई, तोवर उजाडायला येतं.

म्हणजे गाव हे सोंगांच्या वाटपात मांडलेलं असतं. कुठलं घर कुठे, कोणाचा मान आधी, हे सगळं त्या क्रमात आहे. क्रम कापला की नुसता नाच उरतो. मला हे नीट, उदाहरणं देऊन सांगायचं होतं, वेळ नाही. एवढंच सांगतो, यंदा होळीनंतर तिकडच्या एखाद्या गावात मुक्कामाला जा. रात्री जा, आणि गणपती निघायच्या आधी पोहोचा.