एक ठोसा हिटलरला, दुसरा कोणाला?

मित्रहो, पडद्यावरचं हे चित्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या ओळखीचं असेल. ‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाचं हे मुखपृष्ठ. अंकावर तारीख मार्च १९४१ ची आहे, पण स्टॉलवर तो डिसेंबर १९४० मध्येच आला होता. अंगावर अमेरिकेचा झेंडा ल्यालेला हा गडी हिटलरच्या थेट मुख्यालयात घुसलाय आणि त्याच्या जबड्यावर ठोसा हाणतोय. आजूबाजूचे नाझी सैनिक गोळ्या झाडताहेत. ढाल बघा, त्रिकोणी आहे. आपल्याला माहीत असलेली गोल ढाल दुसऱ्या अंकापासून आली. खाली अमेरिकेचा नकाशा पडलाय आणि मागच्या पडद्यावर एक घातपाती अमेरिकेतला दारूगोळ्याचा कारखाना उडवताना दिसतोय.

पर्ल हार्बरवरचा जपानचा हल्ला ७ डिसेंबर १९४१ चा. म्हणजे हे चित्र छापलं तेव्हा अमेरिका युद्धात नव्हतीच, आणि युरोपच्या भानगडीत आपण पडू नये असं म्हणणारे लोक तिथे भरपूर होते. जो सायमन आणि जॅक कर्बी हे त्याचे निर्माते. दोघेही ज्यू, दोघांच्याही घरची चूल शिवणकामावर पेटणारी. युरोपात ज्यूंचं काय चाललंय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. अंक आला आणि धमक्या सुरू झाल्या. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी स्वतः फोन करून पाठिंबा दिला, अशी आठवण सायमन यांनी पुढे सांगितली आहे. या दोन तरुणांच्या धैर्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तो गृहीत धरूनच पुढचं ऐका, कारण पुढचं ऐकायला कडू आहे.

याच मासिकाचा एप्रिल १९४२ चा अंक घ्या. तोवर पर्ल हार्बर झालंय, सायमन आणि कर्बी ते मासिक काढणारी कंपनी सोडून गेलेत. आता ठोसा बसतोय एका जपानी सेनाधिकाऱ्याला, आणि मजकुराचा आशय असा की, सुरुवात तुम्ही केलीत, शेवट आम्ही करू. हल्ला झाला होता, माणसं मेली होती, त्यामुळे राग समजू शकतो. पण पहिल्या चित्रातला हिटलर हा एक माणूस आहे. मिशी, भांग, चेहरा सगळं त्याचं स्वतःचं. त्याच्या शेजारचे जर्मन सैनिकही माणसांसारखेच दिसतात. जपानी चेहऱ्यांचं तसं राहिलं नाही. युद्धाच्या वर्षांत अशी मुखपृष्ठं ढिगानं निघाली. त्यातली कितीतरी ॲलेक्स शॉम्बर्ग यांची, आणि कारागिरी म्हणून अव्वल. त्यात जपानी सैनिकाला सुळे असतात, बोटांना श्वापदासारखी नखं असतात, डोळे म्हणजे दोन तिरक्या फटी. आणि असे दहा-वीस सैनिक एका चित्रात असले तरी चेहरा सगळ्यांचा एकच.

रंगाकडेही बघा. ही कॉमिक्स स्वस्त कागदावर चार शाईंत छापली जात. गोऱ्या माणसाची कातडी दाखवायला लाल आणि पिवळ्याचे बारीक ठिपके फिके ठेवून एकमेकांवर घेत, मग तो गुलाबीसर रंग दिसे. जपानी माणसाला मात्र सरळ पिवळा. आता माणूस काही हळदीसारखा पिवळा नसतो. हे छपाईच्या मर्यादेमुळे झालं असं म्हणावं, तर त्याच पानावर, त्याच शाईंत जर्मन माणूस नायकासारखाच गुलाबी छापला जात होता. कोणाला कुठली छटा द्यायची हे टेबलाशी बसून कोणीतरी ठरवत होतं.

हे काही फक्त दहा सेंटांच्या बालवाङ्मयात चाललं होतं असं समजू नका. मिल्टन कॅनिफ हे त्या काळातले नावाजलेले चित्रपट्टीकार. १९४२ मध्ये अमेरिकी युद्धखात्यानं चीनमध्ये जाणाऱ्या सैनिकांसाठी एक खिशात मावणारी माहितीपुस्तिका काढली. त्यात कॅनिफ यांच्या चित्रांतून शिकवलं होतं की, चिनी माणूस मित्र आणि जपानी शत्रू, तर दोघांना ओळखायचं कसं. डोळे बघा, दात बघा, चाल बघा. जपानी माणूस पाय घासत चालतो म्हणे. आणि लाकडी चपला घालून त्याच्या पायाच्या अंगठ्याशेजारी फट पडलेली असते, तीही तपासा! पुढच्या आवृत्तीतून ही चित्रं वगळली गेली. पण त्याच सुमाराला ‘ब्लॅकहॉक’ या मालिकेत चॉप-चॉप नावाचा चिनी स्वयंपाकी होता. तो मित्रपक्षातला, नायकांच्या टोळीतला. त्याला कसं काढलं? पुढे आलेले दात, शेंडी, हातात सुरा, बुटका गोल देह आणि मोडकंतोडकं इंग्रजी. दोस्त असूनही त्याला माणसाचा चेहरा मिळाला नाही. मग ती पुस्तिका कसला फरक शिकवत होती?

या चित्रांमागच्या द्वेषाची झळ कुठे पोहोचली ते पाहू. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं, दुकानं, शेती सोडून काटेरी कुंपणाआडच्या छावण्यांत जावं लागलं. त्यातले दोन-तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. जर्मन वंशाच्या लोकांना असं सरसकट उचललं गेलं नाही. १९४३ च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत येणाऱ्या सुपरमॅनच्या चित्रपट्टीत क्लार्क केंट आणि लॉइस लेन अशाच एका छावणीला भेट देतात, आणि तिथले जपानी घातपाताचा कट करताना निघतात. छावण्या चालवणाऱ्या सरकारी खात्यानंच यावर हरकत घेतली, कारण या लोकांना बाहेर नोकऱ्या मिळवून देण्याचा त्यांचा प्रयत्न चालला होता. शेवटी सुपरमॅनच्या तोंडी एक वाक्य घातलं गेलं की, बहुतेक जपानी-अमेरिकन देशाशी एकनिष्ठ आहेत. आठवडेच्या आठवडे कट रंगवायचा आणि शेवटच्या चौकटीत एकनिष्ठेचा दाखला द्यायचा. वाचकाच्या मनात काय उरत असेल, तुम्हीच सांगा.

अशा व्याख्यानानंतर हमखास कोणीतरी म्हणतं, ‘अहो, काळच तसा होता, कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.’ हे मला मान्य नाही, आणि मान्य नाही ते पुराव्यानिशी.

पहिली गोष्ट, हा द्वेष सगळाच आपोआप उगवलेला नव्हता. ‘रायटर्स वॉर बोर्ड’ नावाची लेखकांची संस्था होती. रेक्स स्टाउट हे रहस्यकथाकार तिचे प्रमुख. कागदोपत्री खाजगी, पण सरकारच्या प्रचारखात्याशी जोडलेली. १९४३ मध्ये तिनं कॉमिक्ससाठी वेगळी समिती केली. कॉमिक्समध्ये शत्रूचा द्वेष असतो, ही तिची तक्रार नव्हतीच. वेड्या जपानी शास्त्रज्ञांसारख्या भाकड कारणांसाठी द्वेष नको, खऱ्या कारणांसाठी हवा, असं तिचं म्हणणं होतं. ‘ऑल-स्टार कॉमिक्स’च्या २४ व्या अंकातल्या कथेत जर्मन समाज शतकानुशतकं आक्रमकच होता असं दाखवलंय, ते याच समितीच्या सहकार्यानं. म्हणजे १९४५ पर्यंत जर्मन माणसालाही ‘जात्याच वाईट’ ठरवण्यापर्यंत मजल गेली होती. तरी सुळे काही त्याला आले नाहीत.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. जपान्यांवर जे युद्धामुळे आलं, ते काळ्या माणसांवर युद्धाआधीपासून होतंच. १९४१ च्या ‘यंग अलाइज’ या मुलांच्या टोळीच्या कॉमिकमध्ये व्हाइटवॉश जोन्स नावाचा काळा मुलगा आहे. जाड ओठ, कलिंगडाची हाव, भित्रा. या टोळीचे जनक कोण? तेच सायमन आणि कर्बी. वंशद्वेषाचा मार युरोपात आपल्याच लोकांवर पडतोय हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्याच हातून हे झालं. मला त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाहीये. एका वंशद्वेषाविरुद्ध उभं राहिलेला हात दुसऱ्या वंशद्वेषाचं चित्र किती सहज काढतो, हे बघताना मात्र मला आजही त्रास होतो.

‘कॅप्टन मार्व्हल’मध्ये, म्हणजे आज ज्याला शझॅम म्हणतात त्या महानायकाच्या कॉमिक्समध्ये, स्टीमबोट नावाचं असंच काळं पात्र होतं. १९४५ मध्ये ‘यूथबिल्डर्स’ या गटातली न्यूयॉर्कची शाळकरी मुलं फॉसेट प्रकाशनाच्या कचेरीत गेली आणि संपादक विल लिबरसन यांना भेटली. विनोदासाठी आम्ही गोऱ्यांचीही थट्टा करतो, अशी सबब त्यांना मिळाली. मुलांनी उत्तर दिलं की, गोऱ्यांमध्ये कॅप्टन मार्व्हलही आहे, तुमच्या अंकात काळा माणूस मात्र हा एकटाच. मग एका मुलानं स्टीमबोटचं मोठं केलेलं चित्र पुढे धरलं आणि म्हणाला की, हा आमचा वंश नव्हे, पण तुमच्या लाखो वाचकांना तो असाच वाटणार. त्यानंतर स्टीमबोट त्या मासिकातून गेला. जे शाळकरी पोरांना दिसत होतं ते मोठ्यांना दिसत नव्हतं, हे मला पटत नाही.

आपल्याकडचा एक संदर्भ देतो. ‘इंद्रजाल’मधला वेताळ, म्हणजे ली फॉक यांचा फँटम, १९४२-४३ च्या कथेत जपानी आक्रमकांशी लढला आहे. त्याच्या मूळ कथांत चाच्यांच्या टोळीचं नाव ‘सिंग’ होतं. भारतात छापताना ते ‘सिंगा’ झालं आणि त्याचा ‘बेंगाला’ देश ‘डेंकाली’ झाला. आपल्या नावाला धक्का लागला तेव्हा आपल्या संपादकांनी बरोबर पाहिलं. फॉक यांच्याच जादूगार मँड्रेकचा आफ्रिकी सोबती लोथार बिबट्याचं कातडं पांघरून वावरायचा, त्याबद्दल मात्र आपण वाचकांनी फारसं काही विचारलं नाही.

शेवटचा मुद्दा आजचा. कॅप्टन मार्व्हलची ‘मॉन्स्टर सोसायटी ऑफ ईव्हिल’ ही १९४३ ते १९४५ मध्ये चाललेली पंचवीस भागांची मालिका. अमेरिकी कॉमिक्समधला तो पहिल्या मोठ्या धारावाहिकांपैकी एक. आता या पात्राचे हक्क असलेली डीसी कंपनी ती पुन्हा छापणार होती. नंतर त्यातल्या वांशिक चित्रणामुळे बेत रद्द केला. त्यांची अडचण मी समजू शकतो, हे पुस्तक खेळण्यांच्या दुकानात लहान मुलाच्या हाती पडायला नकोच. पण ते छापायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे. प्रौढांसाठी, मागचापुढचा इतिहास सांगणाऱ्या प्रस्तावनेसह, एकही चौकट न गाळता. आणि त्या प्रस्तावनेत न्यूयॉर्कच्या त्या मुलांची तक्रार सविस्तर यायला हवी होती, कारण तीही या मालिकेच्या इतिहासाचाच भाग आहे.