जर्दाळूचा थर कोणाच्या मालकीचा?

मंडळी, व्हिएन्नाच्या ऑपेराच्या पाठीमागे 'झाखर' नावाचं हॉटेल आहे. प्रमाण जर्मनमध्ये उच्चार झाखर. खुद्द व्हिएन्नाकरांच्या तोंडी मात्र तो जवळजवळ आपल्या साखरेसारखाच ऐकू येतो. मी झाखरच म्हणणार आहे. पुढे खरीखुरी साखर बरीच यायची आहे, उगाच घोटाळा नको.

हे हॉटेल 1876 मध्ये सुरू झालं आणि आजही ते एका कुटुंबाच्या हातात आहे. फक्त ते कुटुंब झाखर नाही, ग्युर्टलर आहे. झाखर घराण्याकडे ते 58 वर्षं होतं, ग्युर्टलरांकडे नव्वदहून अधिक. हॉटेलाचा वारसा म्हणजे काय, हा प्रश्न म्हणूनच इथे जरा गुंतागुंतीचा होतो. इमारत एकाकडे गेली, आडनाव दुसऱ्याकडे, आणि 'झाखर टोर्टं' हा जर्दाळूच्या जॅमचा प्रसिद्ध चॉकलेट केक कोणाचा हे ठरवायला कोर्टात जावं लागलं.

सुरुवात केकपासून. 1832 मध्ये ऑस्ट्रियाचा चान्सलर मेटर्निख याला पाहुण्यांसाठी काही नवा गोड पदार्थ हवा होता, मुख्य आचारी आजारी होता आणि फ्रान्झ झाखर नावाच्या सोळा वर्षांच्या शिकाऊ उमेदवाराने वेळ निभावली, अशी कथा आहे. ती पुढे घरच्यांनीच सांगितली, तेव्हा दुकानाच्या पाटीवर ठेवावा तेवढाच विश्वास तिच्यावर ठेवावा. फ्रान्झचा मुलगा एदुआर्द डेमेल या राजवाड्याला मिठाई पुरवणाऱ्या दुकानात शिकला आणि केकला आजचं रूप त्याने तिथे दिलं, असं मानतात. घराण्याचं नाव लावणारा पदार्थ परक्याच्या भटारखान्यात मुरला! भांडणाचं बी तिथलंच.

एदुआर्दने हॉटेल काढलं ते पाडून टाकलेल्या केर्न्टनरटोर नाट्यगृहाच्या जागेवर. बेथोव्हेनची नववी सिंफनी 1824 मध्ये पहिल्यांदा वाजली ती याच नाट्यगृहात. समोर नवा ऑपेरा, म्हणजे खेळ सुटल्यावर जेवायला येणारं गिऱ्हाईक दारात. एदुआर्द 1892 मध्ये वारला आणि त्याची विधवा आना गादीवर आली. खाटकाची मुलगी, हातात सिगार, पायाशी फ्रेंच बुलडॉग. तिने हॉटेल नावारूपाला आणलं ते खोल्यांपेक्षा जेवणघरावर: पडद्याआडच्या खाजगी दालनांत सरदार, मंत्री, अधिकारी जेवायचे. बड्या पाहुण्यांच्या सह्या ती टेबलक्लॉथवर घ्यायची आणि त्यांवर भरतकाम करायची. मधोमध सम्राट फ्रान्झ योझेफची सही.

हॉटेल बुडालं तेही याच पाहुण्यांपायी. 1918 मध्ये साम्राज्य गेलं, 1919 मध्ये ऑस्ट्रियाने सरदारक्या कायद्यानेच रद्द केल्या. आना मात्र जुन्या घराण्यांना उधारीवर जेवू घालत राहिली आणि कुळ नसलेल्या नव्या श्रीमंतांना दारातून परत पाठवत राहिली. रोखीचं गिऱ्हाईक बाहेर आणि उधारीचं आत. त्यात महागाईने क्रोने या तिथल्या चलनाची माती झाली. 1925 मध्ये शिलिंग हे नवं चलन आलं, तो 10,000 क्रोनेला एक या भावाने. म्हणजे वहीत 10,000 क्रोनेची थकबाकी असेल, तर ती वसूल होऊनही हातात एक शिलिंग. आतिथ्याचा धंदा उधारीने बुडतो हे खानावळवाल्यालाही माहीत असतं. आनाच्या बाबतीत उधारी हा प्रतिष्ठेचा भाग झाला होता, म्हणून ती थांबवता आली नाही. 1930 मध्ये ती गेली आणि 1934 मध्ये हॉटेलाचं दिवाळं निघालं. वकील हान्स ग्युर्टलर आणि हॉटेल व्यवसायातलं झिलर दांपत्य यांनी ते घेतलं.

आता आना-एदुआर्दचा मुलगा. त्याचंही नाव एदुआर्दच. तो डेमेलकडे नोकरीला गेला आणि जाताना 'एदुआर्द झाखर टोर्टं' विकण्याचा हक्क घेऊन गेला. इकडे नव्या मालकांनी 1938 मध्ये 'ओरिजिनल' म्हणून तोच केक विकायला काढला. दोघांकडे एकच केक आणि दोघांचाही दावा खरा!

हा केक एवढ्या भांडणाच्या लायकीचा का, ते त्याच्या घडणीत आहे. त्यात क्रीम नाही, म्हणून तो टिकतो आणि पार्सलने जातो. हॉटेलाच्या खोल्या परगावी पाठवता येत नाहीत, केक लाकडी पेटीतून पाठवता येतो.

हॉटेलाने घरच्यासाठी दिलेलं प्रमाण असं: लोणी 140 ग्रॅम, पिठीसाखर 110, गडद चॉकलेट 130, सहा अंडी, साधी साखर 110, मैदा 140, अर्धी व्हॅनिलाची शेंग आणि जर्दाळूचा जॅम 200 ग्रॅम. लोणी आणि पिठीसाखर फेसायची, त्यात एकेक करून बलक, मग वितळलेलं पण गरम नसलेलं चॉकलेट. गरम असेल तर लोणी वितळून फेस बसतो. बेकिंग पावडर नाही. केक फुगतो तो साखर घालून फेटलेल्या पांढऱ्यावर, म्हणून मैदा हलक्या हाताने मिसळायचा. 170 अंशांवर पहिली दहा-पंधरा मिनिटं ओव्हनचं दार बोटभर उघडं, नंतर बंद करून सुमारे 50 मिनिटं. दार उघडं ठेवल्याने वरची पापडी घाईने धरत नाही, केक मधून फुगून तडकत नाही. मग पालथा घालून गार करायचा.

गार केक आडवा कापून मध्ये कोमट जॅम, आणि बाहेरूनही सगळीकडे. बाहेरचा थर चवीपुरता नाही, तो लिंपण आहे: तो नसेल तर केक वरचा पाक पितो आणि चकाकी जाते. वरच्या लेपाला साखर 200 ग्रॅम, पाणी 125 मिलिलिटर, चॉकलेट 150 ग्रॅम. पाणी-साखर पाच-सहा मिनिटं उकळायची, थोडी निवू द्यायची, मग चॉकलेट. आपल्याकडे एकतारी पाक ज्याला जमतो त्याला हे जमेल. फार गरम ओतला तर ओघळतो, फार गार झाला तर पसरायच्या आत धरतो. ओतायचा तो एकदाच. सुरी दुसऱ्यांदा फिरवली की वळ उठतात. फ्रिजमध्ये ठेवू नका, लेपाला घाम सुटतो. 16 ते 18 अंश बरे. कोकणच्या पावसाळ्यात हे कसं साधायचं, हा प्रश्न व्हिएन्नाला कधी पडला नाही! सोबत बिनसाखरेचं फेटलेलं क्रीम, कारण केक कोरडाच असतो.

खटला याच थरावर चालला. युद्ध, मग ब्रिटिश सैन्याचा मुक्काम, या सगळ्यात प्रकरण मागे पडलं होतं. 1954 मध्ये हॉटेलाने डेमेलवर दावा लावला. मधला जॅमचा थर मूळचा की नंतर आलेला, लोण्याऐवजी मार्गारीन चालतं का, यावर वकील भांडले. फ्रीडरिश टोरबेर्ग हा लेखक साक्षीला आला आणि आनाच्या हयातीत केक मधून कापलेला नव्हता, असं म्हणाला. म्हणजे साक्ष गेली हॉटेलाच्या विरुद्ध. वंशज आणि जुनी रीत, दोन्ही डेमेलच्या बाजूला. तरी 1963 मध्ये तडजोड झाली ती अशी, की 'ओरिजिनल' हा शब्द आणि चॉकलेटची गोल मोहोर हॉटेलाकडे राहिली. डेमेलला त्रिकोणी मोहोर मिळाली, तिच्यावर एदुआर्दचं नाव.

माझं मत विचाराल तर ओरिजिनल हा शब्द कोर्टात सिद्ध होण्याजोगा नव्हताच. तो वाटून घेण्याजोगा होता. ग्युर्टलरांनी त्यावर जे उभं केलं ते पुढचं: साल्झबुर्गमधलं दुसरं हॉटेल त्यांनी 1988 मध्ये घेतलं आणि त्यालाही झाखरच नाव दिलं. केक आता ऑपेरामागच्या तळघरात मावत नाहीत, ते झिमरिंग भागातल्या कारखान्यात होतात. तिथे प्रत्येक केक मधून कापून जॅम लावतात. डेमेलमध्ये जॅम फक्त लेपाखाली असतो.